तिसरा रकाना

माझ्या हातून एक लग्न लागलं आहे. नवरा त्या वेळी मोखाड्याकडे भात झोडत होता आणि नवरी मोळी घेऊन जव्हारला गेली होती. दोघांनाही कळवावं असं मला वाटलं नाही. कागद मात्र मी चोख भरून घेतला आणि साक्षीदार म्हणून त्याच्यावर सहीसुद्धा ठोकली. कागदाच्या बाबतीत या तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

समजूत उगाच नव्हती. जव्हारचं संस्थान होतं तेव्हा मी दरबारच्या दप्तरात कारकून होतो. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. सही एकाने केली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे उठलो ते मुंबई प्रांतात. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, पण मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पगार चालू राहिला, टेबल तेच राहिलं, बाहेरची पाटी तेवढी बदलली. दरबारात मी नुसता रघुनाथ होतो, मामलेदार कचेरीत आल्यावर लोक 'भाऊसाहेब' म्हणायला लागले. माणसाला चढायला एवढं पुरतं.

पोंक्षे आले ते छप्पन सालच्या दिवाळीनंतर. मुंबईच्या एका चित्रपट कंपनीत ते नोकरीला होते. कंपनीचं नाव घेत नाही, त्या कागदावर माझीही सही आहे. त्यांचं काम एकच, गाण्यांच्या परवानग्या मिळवणं. याला पगार मिळतो हे ऐकून मला हसूच आलं.

"हसू नका," पोंक्षे म्हणाले. "मागच्या चित्रात आमच्या संगीतवाल्याने एका कीर्तनकाराची चाल उचलली. कीर्तनकाराने आम्हाला कोर्टात खेचलं. तेव्हापासून सेठजींचा हुकूम आहे, आधी कागद, मग गाणं."

आता त्यांना डोंगरातलं लग्नाचं गाणं हवं होतं. चित्राची नायिका जंगलात राहणारी होती म्हणे. मामलेदारांनी मला बोलावून सांगितलं, यांना कुठे न्यायचं ते तू बघ. मला काय, कचेरीतून एक दिवस सुटका. शिवाय पोंक्षे जाता जाता म्हणाले की चित्राच्या सुरुवातीला जी नावं येतात त्यांत शेवटी 'आभार' असतं, तिथे तुमचं नाव घालू. पडद्यावर आपलं नाव! त्या रात्री मी आमच्या कमूला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आडनावासकट घालणार का, ते विचारून घ्या." कमू माझी बायको. तिच्या कौतुकाला असा नेहमी एक काटा असतो.

गोजाबाईचं नाव मला ठाऊक होतं ते चैतीमुळे. शिरपामाळावरून खाली उतरलं की दीड-दोन कोसांवर एक वारल्यांचा पाडा आहे, तिथली ही पोर. दर आठवड्याला आमच्या घरी मोळी टाकायची, मागच्या दाराशी बसून कमूच्या हातचा चहा प्यायची आणि बोलत राहायची. त्या वर्षी तिच्या बोलण्यात लग्नाखेरीज दुसरं काही नसायचं. मोखाड्याकडच्या जिवाशी ठरलं होतं, फाल्गुनात व्हायचं होतं. हळद किती दिवस लागणार, भिंतीवर चौक कोण काढणार, हे सगळं कमूला पाठ झालं होतं. वारल्यांच्यात लग्नाला भटजी नसतो. धवलेरी असते. ती गाते आणि लग्न लागतं. त्यांच्या पाड्याची धवलेरी म्हणजे गोजाबाई.

"गोजाआजी गाण्यात इचारंल, नवरी कोण?" चैती सांगायची. "मग माझी आई मोठ्यानं माझं नाव घेईल, साऱ्या पाड्यासमोर. एकदाच घेतात असं. नायतर आमचं नाव कशाला घेतात? पाणी आण, लाकडं आण, म्हणून हाक मारतात तेवढंच."

हे मी आतल्या खोलीत पेपर वाचता वाचता ऐकलेलं आहे. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा सकाळचे नऊ झाले असतील. भातकापणीचे दिवस, पाडा ओस पडलेला. गोजाबाई अंगणात नागली पाखडत होती आणि दोन म्हाताऱ्या तिच्याजवळ बसल्या होत्या. पोंक्षेंचं टेपरेकॉर्डरचं धूड एका गड्याच्या डोक्यावर होतं. ते उतरवून त्यांनी झाकण उघडलं. म्हाताऱ्यांनी फितीची चाकं पाहिली आणि पदर तोंडाला लावले.

"लगनाचं गाणं म्हण आजी, साहेबांना यंत्रात भरून न्यायचंय," मी म्हटलं.

"लगीन कोणाचं हाय?"

"कोणाचं नाही. नुसतं गाणं."

गोजाबाईने सूप खाली ठेवलं. "नुसतं गाणं नसतं, भाऊसाहेब. चौक नाय, नवरी नाय, नवरा नाय, आणि मी गाऊ? देव उठून येतील नि इचारतील, कशाला बोलावलं? त्यांना काय सांगू?"

मुंबईच्या पोंक्षेंना ही बोली उमगत नव्हती, मी अर्थ सांगितला. माणूस सज्जन होता, हे मला सांगितलंच पाहिजे. ते लगेच म्हणाले, "नसेल चालत तर राहू द्या. दुसरं एखादं घेऊ, कापणीबिपणीचं." तिथेच हा विषय संपला असता. पण कापणीच्या गाण्याने कंपनीचं काम भागणार नव्हतं. पोंक्षे दुसऱ्या तालुक्यात गेले असते, आणि तिथल्या कोणा भाऊसाहेबाचं नाव पडद्यावर गेलं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "आजी, नावं पाहिजेत ना? घाल की नावं. चैती आणि जिवा. त्यांचं फाल्गुनात व्हायचंच आहे."

"नावं घातली तर लगीन लागंल."

"लागू दे की! शुभस्य शीघ्रम्!" मी हसलो. दुसरं कोणी हसलं नाही.

गोजाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुलाचा डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, मीही बोललो नाही. पण अर्ज कुठे आहे हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. मी तिला दरडावलं नाही, असं मी पुढे कमूला शपथेवर सांगितलं. तसं सांगणं खरंच होतं. दरडावायची गरज पडली नव्हती.

"मग पोरीला बोलवा," गोजाबाई शेवटी म्हणाली. "मोळी घेऊन जव्हारला गेली. दुपार कलली की येईल. ती आली म्हंजे गाते."

पोंक्षेंची दोनची एस.टी. होती. मी म्हटलं, "तेवढा वेळ नाही. तिचं काय काम आहे? नाव आहे ना, नाव पुरे."

गोजाबाई उठली. वाटीत तांदळाचं पीठ कालवलं आणि कुडाच्या भिंतीवर हातभर चौक काढला. सूर्य काढला, चंद्र काढला, फणी काढली, शिडी काढली. काढताना तिचा हात भराभर चालला होता. पोंक्षेंनी कोंबड्या टोपलीखाली झाकायला सांगितल्या, कारण त्यांचा आवाज फितीवर येत होता. मी त्या स्वतः झाकल्या.

ती गायला लागली तेव्हा मला थोडं चमत्कारिक वाटलं, हे खरं. घरात दहा माणसं असताना बोलावं तसं ती भिंतीशी बोलत होती. धरतीला बोलावलं, धान्याच्या देवीला, कणसरीला बोलावलं, पाण्याला बोलावलं. दोनदा पोंक्षेंनी हात वर करून थांबवलं, एकदा फीत अडकली म्हणून आणि एकदा गडी खोकला म्हणून. दोन्ही वेळा ती जिथे थांबली होती तिथूनच पुढे गेली. मग तिने गाण्यात विचारलं, नवरी कोण?

कोणी उत्तर दिलं नाही. दोन्ही म्हाताऱ्या जमिनीकडे बघत राहिल्या. तिने पुन्हा विचारलं, नवरी कोण? फीत फिरत होती, पोंक्षे घड्याळाकडे बघत होते. मीच म्हणालो, "चैती." मोठ्याने, टेबलावरून पुकारा करतो तसं. नवरा कोण? "जिवा."

झालं. पुढची हळदीची कडवी तिने म्हटली आणि गाणं संपलं. पोंक्षे म्हणाले, "फार सुंदर! मध्ये तुमचा आवाज आलाय, तो काढून टाकू."

मग कागद. पहिला रकाना, गाण्याचा प्रकार. मी लिहिलं, लग्नगीत. दुसरा, गाणाराचं नाव. लिहिलं. तिसरा रकाना होता, 'गाणे कोणाचे'. मी गोजाबाईला विचारलं, "आजी, हे गाणं कोणाचं?"

"जिचं लगीन तिचं," ती म्हणाली. "आज चैतीचं."

पोंक्षे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भाषांतर केलं नाही. सरकारी हस्ताक्षरात लिहिलं, 'परंपरागत'. पोंक्षे खूश झाले, म्हणाले हेच सगळ्यात सोपं. हरकत आहे की नाही या रकान्यात 'नाही' लिहिलं, गोजाबाईचा अंगठा घेतला, खाली सही केली. कोंबड्या सोडायच्या राहिल्या ते अर्ध्या वाटेवर आठवलं.

घरी आलो तर मागच्या अंगणात मोळी पडलेली होती. कमू म्हणाली, "चैती मघाशीच बाजाराकडे गेली. तुम्ही तिच्याच पाड्यावर गेलाय म्हटल्यावर केवढी हसली."

त्यानंतर दोन आठवडे मोळी आली नाही. कापणी असेल, असं आम्ही म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात चैती आली. मोळी टाकली, पण बसली नाही. कमूने चहा पुढे केला तो घेतला नाही. मी दाराशी होतो, माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊसाहेब, माझं लगीन झालं म्हंतात."

मी म्हटलं, "छे ग! ते यंत्रासाठी होतं. असं कुठे लग्न होतं का?"

"गोजाआजी म्हंते झालं. तुमी माझं नाव घेतलं म्हंते." ती थोडी थांबली. "तवा मी तुमच्याच अंगणात होते. अठंच. मोळी सोडीत होते."

मी पुन्हा काहीतरी म्हणालो, कायद्याने नवरी हजर असावी लागते वगैरे. कायद्याने! ती ऐकून घेतल्यासारखी उभी राहिली आणि गेली. ती आमच्या दारातली शेवटची मोळी. कमूने सगळं मला बोलतं करून काढून घेतलं आणि चार दिवस ताट वाढताना एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "ती तो दिवस बोटावर मोजत होती. तुम्ही आत पेपर वाचत होता."

माघात चैतीचा बाप मंगळू कचेरीत आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. गोजाबाई लग्नात गायला तयार नव्हती. खालच्या पाड्याच्या धवलेरीला विचारलं, तीही नाही म्हणाली. जिचं एकदा गायलं तिचं परत गात नाहीत. "तुमी सांगा आजीला," मंगळू म्हणाला. "तुमचं ऐकंल. तुमी सांगितलं तवा गायली ना?" टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

मी त्याच दिवशी गेलो. गोजाबाई चुलीपुढे होती. तिच्या मुलाचा अर्ज तोवर मी मंजुरीला वर पाठवला होता, तेही सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या नकाराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"मी रागानं नाय म्हंत, भाऊसाहेब. तोंड माझं होतं, मी गायले. माझं पण चुकलं. पण देवांना दोनदा कसं सांगू? पयल्यांदा बोलावलं, ते आले, त्यांनी नावं घेतली नि गेले. आथा परत बोलावलं तर म्हंतील, तवा खोटं बोललीस काय?"

"काहीतरी वाट असेलच की, आजी!"

तिने लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "गाणं त्या पेटीत गेलं ना? ते माघारी आणा. माझ्या चौकापुढं ठेवा. मी म्हणेन, हे बघा, गेलं नव्हतं, अठंच होतं, आथा देते. मग गाता येईल."

एवढं सोपं! मी घरी उड्या मारतच आलो म्हणा ना. रजा टाकली, मुंबई गाठली. कमूने दशम्या बांधून दिल्या. निघण्याआधीच्या चार दिवसांत ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलली.

पोंक्षे दादरला एका जिन्याखालच्या खोलीत बसत. चारी बाजूंना परवानग्यांच्या फायली. त्यांनी मला ओळखलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी फाईल काढली आणि आमचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"भाऊसाहेब, गाण्याला मालक असला की मूळ फीत आम्ही कुलपात ठेवतो. उद्या त्याने हरकत घेतली तर दाखवायला लागते. परंपरागत असलं की मालक नाही. संगीतवाला ऐकतो, चाल उतरवून घेतो, आणि फितीवर दुसरं काहीतरी भरतात. फिती महाग आहेत." त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे एखादं नाव असतं ना, कोणाचंही, तर मी आज तुमच्या हातात फीत दिली असती."

अक्षर माझंच होतं. सुरेख, वळणदार. दरबारात माझ्या अक्षराची वाहवा व्हायची.

"आता त्या फितीवर काय आहे?" मी विचारलं.

"कुठल्याशा नाचाचं संगीत असेल. हवी तर कोरी फीत देतो एक. त्यांना काय कळणार आहे?"

हे त्यांनी वाईट मनाने म्हटलं नाही. मला मदत करावी म्हणूनच म्हटलं. आणि मी ती फीत घेतली. पिशवीत घातली. एस.टी. आमचा घाट चढेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. वाटेत शंभरदा ठरवलं की चौकापुढे ठेवायची आणि गप्प बसायचं. पोरीचं लग्न होईल, गोजाबाईचं समाधान होईल, माझीही मान सुटेल. पण पाड्यावर गेलो आणि गोजाबाईने विचारलं, "आणलं?" तर माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही आजी. पुसलं त्यांनी." एकदा हिच्या देवांपुढे मी दुसऱ्याच्या वतीने बोललो होतो. पुन्हा माझ्याने बोलवेना. मी यात काही मोठेपणा केला असं मला वाटत नाही. कारण माझ्या खरं बोलण्याची किंमतही चैतीनेच दिली.

"पुसलं म्हंजे गेलं कुठं?" गोजाबाईने विचारलं.



फाल्गुनात होळी झाली, आणि होळीनंतर मंगळू आणि चैतीचा भाऊ तिला मोखाड्याला पोचवून आले. लग्न झालेलंच होतं, नुसतं नांदायला पाठवायचं होतं. हळद नाही, भिंतीवर चौक नाही, नाच नाही. कमूने हिरवं लुगडं आणि बांगड्या पाड्यावर नेऊन दिल्या. चैतीने ते सगळं घेतलं, गाठोड्यात ठेवलं आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. चैती वाटेला लागली तेव्हा मी कचेरीत होतो. जावंसं वाटलं नाही असं नाही. तोंड कोणतं घेऊन जाणार?

पुढच्या वर्षी चित्र आलं. मी नाशिकला जाऊन पाहिलं, कमू आली नाही. 'आभार' याखाली माझं नाव होतं, आडनावासकट. एक, दोन म्हणेपर्यंत गेलंही. गाणं आलं तेव्हा मी खाली बघत होतो. चाल गोजाबाईचीच, पण शब्द दुसरे, चांदण्याचे आणि साजणाचे. आवाज मुंबईच्या कोणा बाईचा. नवरी कोण, असं त्यात कोणी विचारत नव्हतं.

गोजाबाई त्याच पावसाळ्यात गेली.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण गेल्या सोमवारचा बाजार. एकोणसाठ साल संपत आलंय. बाजारातल्या हॉटेलवाल्याने नवा ग्रामोफोन घेतलाय आणि तो दिवसभर ओरडत असतो. मी कचेरीतून चहाला आलो तर दाराबाहेरच्या बाकड्याजवळ चैती उभी. कडेवर वर्षाचं मूल. माहेरी आली असावी, शेजारी मिठाची पुडी आणि सुक्या मासळीचं गाठोडं होतं. ग्रामोफोनवर त्याच गाण्याची तबकडी लागली होती.

मी दारातच थांबलो. परत फिरावं म्हटलं तर तिने पाहिलं होतं. पण ती बोलली नाही, मान तिरकी करून ऐकत राहिली. गाणं संपलं तशी ती आत जाऊन हॉटेलवाल्याला म्हणाली, "परत लाव ना." त्याने लावली. या खेपेला ती अगदी ग्रामोफोनला चिकटून उभी राहिली. नावाची जागा जवळ आली तसे तिचे ओठ किंचित उघडले. जागा आली आणि गेली, आणि मुंबईची बाई चांदण्याचं गात राहिली.

"माझं नाव नाय यात," चैती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

"पण हे माझंच ना?"

"तुझंच."

ती बाकड्यावर बसली. मूल मांडीवर घेतलं. मी जिवाची चौकशी केली. जिवा बरा आहे, म्हणाली. दारू पीत नाही, मारत नाही, जंगलातल्या कूपात लाकूडतोडीला जातो. मग एकदम म्हणाली, "भाऊसाहेब, माझ्या लग्नात तुमी होते. मी नव्हते. कसं झालं सांगा."

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"गोजाआजी गेली. त्या दोघी म्हाताऱ्या काय सांगत नाय, इचारलं तर गपच बसतात. आथा तुमीच राहिले. ही पोर मोठी झाली म्हंजे इचारंल, आई तुझं लगीन कसं झालं? मी काय सांगू?"

तेव्हा मी सांगायला लागलो. सकाळची वेळ होती. गोजाबाई नागली पाखडत होती. पीठ कालवलं ती वाटी कसली होती, तेही सांगितलं.

"चौकात फणी काढली?"

"काढली. आणि शिडी, सूर्य, चंद्र."

"घोडा?"

"घोडा नाही काढला. वेळ नव्हता."

तिने मान हलवली, जणू घोड्याचं तिला आधीच वाटलं होतं. कोंबड्या टोपलीखाली झाकल्या हे ऐकून ती हसली. तीन वर्षांनी मी तिला हसताना पाहिलं. मग तिने विचारलं, "माझं नाव आईच्या जागी तुमी घेतलं?"

"हो."

"मोठ्यानं?"

"मोठ्याने."

मूल तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं. तिने ते मणी सोडवून घेतले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मना बोलवायचं कोणी म्हंटलं नाय?"

हेच मी तिच्यापासून तीन वर्षं लपवलं होतं. कमूलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. वेळ नव्हता, एवढंच सगळ्यांना सांगत आलो. गोजाबाईनेही कोणाला सांगितलं नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं. तिने सगळा दोष आपल्या तोंडावर घेतला आणि तो घेऊनच गेली. आणि आता मी 'नाही' म्हटलं असतं तरी मला खोटं पाडायला कोणी पुढे येणार नव्हतं.

"गोजाबाई म्हणाली," मी सांगितलं. "पोरीला बोलवा म्हणाली. दुपार कलली की येईल, ती आली म्हणजे गाते म्हणाली. मीच म्हटलं वेळ नाही. तिचं काय काम आहे, असं म्हटलं मी."

बोललो आणि वाट बघत बसलो. चार शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकली असती, तर मला हवंच होतं ते. पण चैती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र उजळला होता. तिचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं.

"म्हंटली ना आजी?" ती म्हणाली. "खरंच म्हंटली?"

"खरंच."

"मना वाटायचं कोणीच म्हंटलं नाय. आजीला पण माझी आठवण नाय झाली. रोज वाटायचं." तिने पदराने डोळे पुसले, मुलीला माझ्याकडे तोंड करून बसवलं. "परत सांगा. आजी कशी म्हंटली तसं म्हणा."

हॉटेलात बाजाराची दहा-पंधरा माणसं होती. ग्रामोफोन नुसता खरखरत होता. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पोरीला बोलवा."